वरणभाताचा पडदा

लहानपणी मला ताटातला भात सापडत नसे. आमचं घर आर्वीचं. वडिलांचं कापडाचं दुकान बरं चाललेलं, म्हणून आईने जुनी पितळेची ताटं मोडीत घालून सगळी स्टीलची घेतली होती आणि ती राखेने घासून आरशासारखी ठेवायची. दिव्याचा उजेड पडला की माझ्यापुढे नुसता लखलखाट. भात कुठे संपतो आणि ताट कुठे सुरू होतं ते बोटं फिरवून शोधावं लागे. माझी नजर जन्मापासून अधू आहे. चष्म्याने सुधारणारी नाही. डोळ्याच्या आतला पडदाच कमजोर, असं नागपूरच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. मला दिसतं, पण धूसर. उजेडाने डोळे दिपतात. आणि फिकटावर फिकट असं काही असलं, तर ते माझ्या लेखी नाहीच.

एकदा गल्लीत कुणाकडे तरी कार्य झालं आणि उरलेल्या पळसाच्या पत्रावळी आमच्याकडे आल्या. आईने मला सहज त्यातल्या एका पत्रावळीवर वाढलं. तपकिरी पानावर पांढरा भात. मी एकदाही चाचपडले नाही, भराभर जेवले आणि आणखी मागितला. दुसऱ्या दिवशी आईने बाजारातून पत्रावळींचा गठ्ठाच आणला. वरणाचं मात्र पानावरही जमेना. पांढऱ्या भातावर पिवळं वरण पडलं की माझ्या दृष्टीने पडलंच नाही. हाताला चटका बसला की कळायचं. मग आई वरण वेगळ्या द्रोणात द्यायला लागली.

पाव्हणेरावळे विचारायचे, "पोरीले पंगतीवानी पानावर काऊन वाढता?" मलाही एकदा राग आला. सगळ्यांना स्टीलचं ताट आणि मलाच पान का, म्हणून मी आकांडतांडव केलं. आईने शांतपणे मला स्टीलच्या ताटात वाढलं. मी चाचपडले, भात फ्रॉकवर सांडला, अर्धपोटी उठले. दुसऱ्या दिवसापासून पान मी स्वतः मांडायला लागले. हट्टीपणा माझ्यात पहिल्यापासून होता, पण उपाशी राहण्याइतका नव्हता.

शाळेत फळा नवा काळा केलेला असला की मला पहिल्या बाकावरून अक्षरं दिसत. महिनाभरात तो राखाडी होई आणि अक्षरं विरघळत. मग दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी कोळसा वाटून त्यात पाल्याचा रस घालून फळा घासायची. बाईंना वाटे, काय गुणी मुलगी आहे. गुणीबिणी काही नव्हते, मला गणित दिसायला हवं होतं.

काळ्या रंगाशी माझं असं पोटापाण्याचं नातं, आणि घर मात्र कापडवाल्याचं, जिथे काळ्याचं वावडं. दुकानाच्या गादीवर काळं कापड टाकायचं नाही. बोहणीच्या आधी गिऱ्हाइकाला काळं दाखवायचं नाही. नव्या कामाला काळं घालून जायचं नाही. वर्षातला एकच सण याला अपवाद, तो म्हणजे संक्रांत. तेव्हा वडील काळ्या साड्या दुकानाच्या अगदी पुढे लावायचे. काळ्यावर पांढऱ्या खड्यांच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या. त्या दिवसांत मी दुकानातून हलायची नाही, कारण एरवी मला नुसते रंगांचे ढीग दिसायचे आणि तेव्हा नक्षी दिसायची.

बी.ए. झाले. टायपिंगच्या क्लासने मला आठ दिवसांत घरी पाठवलं. फिकट कार्बनवरचा मजकूर वाचायला मी नाक कागदाला लावायची आणि मशीनच्या दांड्या नाकावर बसायच्या. नातेवाईक म्हणायचे, आंधळ्याच्या गाई देव राखतो. मला त्या म्हणीचा संताप यायचा. मी आंधळी नव्हते, माझ्याकडे गाई नव्हत्या, आणि देवाला दुसरी कामं असतील.

नव्वदच्या दशकात वर्ध्याला संगणकाचे क्लास निघाले. चपला बाहेर काढून आत जायचं. देवघरात जातात तसं. संगणकाला धूळ चालत नाही म्हणे. डब्यावर कुंकवाचं बोट आणि झेंडूचा वाळका हार. मास्तरांनी बटण दाबलं आणि काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटली. मी खुर्चीत सरळ बसून ती मोठ्याने वाचली. एवढ्या लांबून छापील असं काही मी त्याआधी वाचलंच नव्हतं. मागच्या मुली हसल्या, त्यांना काय माहीत. मी त्याच दिवशी ठरवलं की आपलं पोट या काळ्या काचेवर भरायचं.

काम मिळालं ते डोळ्यांच्याच दवाखान्यात. वर्ध्यातल्या काही व्यापारी घराण्यांनी मिळून चालवलेला धर्मादाय दवाखाना होता. आर्वी, सेलू, देवळीकडची माणसं एसटीने यायची, बहुतेक म्हातारी, बहुतेक मोतीबिंदूची. केसपेपर काढायला नुकताच संगणक घेतला होता आणि तो चालवणारं माणूस पाहिजे होतं. ट्रस्टचे अध्यक्ष शेठजी स्वतः मुलाखतीला बसले. धोतर, काळी टोपी, हातात काठी. काळ्याचं वावडं असलेल्या व्यापाऱ्यांना डोक्यावर काळी टोपी मात्र बरी चालते, हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं. मी खुर्चीपर्यंत येताना टेबलाला धडकले, ते त्यांनी पाहिलं.

"बेटा," ते म्हणाले, "डोळ्याच्या दवाखान्यात तुह्यासारखीले बसवलं तं लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन, आपल्याले हिच्यापेक्षा बरं दिसते. खुश होऊन घरी जातीन."

शेठजी मोठ्याने हसले. महिनाभर ठेवून पाहू म्हणाले आणि मी राहिले ती राहिलेच. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बोटं कीबोर्डला पाठ. माझी रांग तुंबत नसे. नालवाडीला एक खोली भाड्याने घेतली आणि पायी ये-जा सुरू केली. आई आर्वीला माझ्या भावाकडे. महिन्याकाठी मी गेले की ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "देवमाणूस हाये तुहा शेठ. ठेवून घेतलं तुले." मी चिडायची. मला कुणी ठेवून घेतलेलं नाही, मी काम करते, असं सांगायची. ती हो हो म्हणायची. तिला ते पटत नाही हे मला तिच्या हातावरून कळायचं, कारण तो हात जरा जास्तच हळू फिरायचा.

मग दोन हजारनंतर कधीतरी दवाखान्यात नवे संगणक आले. रंगीत पडदा, माऊस, आणि हॉलच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही, ज्यावर पुढचा नंबर आपोआप दिसणार. नागपूरच्या एका प्रोग्रॅमरने सगळं तयार केलं होतं. त्याची एक गोष्ट फार चांगली होती, ती म्हणजे सगळं मराठीत होतं. जुन्यात पेशंटचं नाव इंग्रजीत लिहावं लागे. पण रंग शेठजींनी सांगितले होते. दसऱ्याचा मुहूर्त, धर्माचं काम, लोक डोळे घेऊन येतात, तिथे काळं अजिबात नको. पांढरा पडदा आणि त्यावर हळदीच्या रंगाची अक्षरं. शुभ दिसलं पाहिजे.

दसऱ्याला संगणकांची पूजा झाली, आपट्याची पानं ठेवली, टाळ्या वाजल्या. मी माझ्या खुर्चीत बसले आणि पुढे पाहिलं. पुढे स्टीलचं ताट होतं. लखलखीत पांढरं, आणि त्यावर कुठेतरी पिवळं वरण, जे मला दिसणार नव्हतं.

"कसं आहे, मॅडम?" प्रोग्रॅमरने विचारलं. तिशीतला, सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट.

"वरणभात आहे," मी म्हटलं. त्याला वाटलं मी कौतुक करतेय.

पुढचे दोन महिने माझे फार वाईट गेले. पडद्याच्या उजेडाने डोळ्यांतून पाणी यायचं. मी काचेला नाक लावून एकेक अक्षर शोधायची आणि रांग दारापर्यंत जायची. एका बाईचा केसपेपर तिच्या जावेच्या नावाने निघाला. दोघींनी माझ्यासमोर भांडून घेतलं. हॉलमध्ये वेगळाच गोंधळ. आमच्याकडे तपासणीआधी पेशंटच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात. थेंब टाकले की चांगल्या नजरेच्या माणसालाही काही तास सगळं अंधुक आणि उजेड असह्य. अशी डोळे मिचकावणारी माणसं बाकांवर बसायची आणि वर पांढऱ्या टीव्हीवर पिवळा आकडा. कुणालाच दिसायचा नाही. दर दोन मिनिटांनी कुणीतरी खिडकीशी येऊन विचारायचं, "बाई, माहा नंबर आला का?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे भिंतीवर टांगलेला होता.

शेठजींनी मला बोलावलं. आवाज मायेचा होता, म्हणून आणखी लागलं.

"बेटा, तुले तरास होऊन राह्यला. वरच्या खोलीत बसत जा. कापसाचे बोळे वळाचे, पट्ट्यांच्या घड्या घालाच्या. पगार तोच. आता धनुर्मास लागला, नवीन काही कराचं नाई. संक्रांत झाली की मंग तुह्या जागी दुसरं कोणी पाहू."

त्या संध्याकाळी नालवाडीपर्यंत इतक्या रागाने चालले की ओळखीची एक बाई मागून हाका मारत राहिली आणि मला ऐकूच आलं नाही. बोळे वळण्यात वाईट काही नव्हतं. पण माझी नजर जितकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी होती तितकीच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. माझ्यात काही बदललं नव्हतं, पडदा बदलला होता. मग वर मी का जायचं? खोलीत आल्यावर रडले. मग चहा केला आणि ठरवलं की संक्रांतीपर्यंत वेळ आहे, ही खुर्ची सोडायची नाही.

आधी माझ्या मीच खटपट केली. क्लासच्या जुन्या मास्तरांना गाठलं, तर ते म्हणाले, संगणकातच सोय असते, अधू नजरेच्या लोकांसाठी सगळं काळं-पांढरं करायची. हे मला इतके दिवस कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती सोय चालू केली. पडदा काळा झाला आणि माझा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. आमच्या प्रोग्रॅमचे चौकोन तसेच पांढरे आणि त्यांतली अक्षरं तशीच पिवळी. प्रोग्रॅमरने रंग आत ठोकूनच टाकले होते. बाहेरून काही केलं तरी ते हलत नव्हते.

तो महिन्यातून एकदा देखभालीला यायचा. आला तशी मी त्याला पकडलं. तो म्हणाला, "मॅडम, समजून राह्यलं मले. पण शेठजीनं पास केलेले रंग हायेत. मी कसा बदलू?" आणि कपाळ चोळत म्हणाला, आजकाल त्याचं डोकं फार दुखतं.

"मग डोळे दाखवून घ्या की. इथपर्यंत आलात," मी म्हटलं आणि तिथल्या तिथे त्याचा केसपेपर काढला. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात डाव वगैरे नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला, एवढंच. सिस्टरने त्याच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि हॉलमध्ये बसवलं.

तासाभराने तो भिंतीला हात लावत लावत माझ्या खिडकीशी आला. डोळे पुसतोय आणि हसतोय.

"मॅडम, माह्याच टीव्हीवर माहा नंबर मले दिसून नाई राह्यला. शेजारच्या आजीले पुसलं, तं थे म्हणे, बावा, इथं कोणालेच दिसत नाई, आवाजावर ध्यान ठेव."

त्या दिवसापासून तो माझ्या बाजूचा झाला. माणूस मोकळा होता, चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पुढच्याच आठवड्यात पुन्हा येऊन बिचाऱ्याने आधी गडद निळा रंग करून पाहिला. शेठजींनी दारातूनच काठी हलवली. "हे काळंच हाये. काढा." मग त्याने सगळे ठोकलेले रंग उपटून काढले आणि माझ्या कीबोर्डवर एक बटण ठरवून दिलं. वरच्या रांगेतलं, एफ नाइन. एकदा दाबलं की माझा पडदा आणि हॉलचा टीव्ही काळ्यावर पांढरे, पुन्हा दाबलं की शेठजींचं हळदी. "आता तुम्ही पाहा," तो म्हणाला, "परवानगी काढाचं काम माह्याच्यानं होत नाई."

परवानगी कशी काढायची ते मला सिस्टरांच्या गप्पांतून सुचलं. संक्रांत तोंडावर आली होती आणि कुणी कोणती काळी साडी घेतली ते चाललं होतं. मला वडिलांचं दुकान आठवलं, पुढे लावलेल्या त्या साड्या. इतके दिवस मी नजरेचं कारण सांगत होते. शेठजींना नजर कळत नव्हती, पण सण कळत होते. मी तशीच उठून त्यांच्याकडे गेले.

"शेठजी, संक्रांतीले आपल्या पडद्याले काळं नेसवू का?"

ते चमकले. मग हसले. घरी शेठाणीबाईंची काळी साडी आलेली असणारच.

"संक्रांतीले चालते," ते म्हणाले. "एक दिवस."

"एक दिवस कसा? हळदीकुंकू तं रथसप्तमीपर्यंत राह्यते. घरी पुसा."

शेठजींनी काठीवर हनुवटी टेकवली. व्यापाऱ्याला आपण घासाघीशीत हरलो हे लगेच कळतं. "बरं. रथसप्तमीपर्यंत. पुढं एक दिवस नाई."

संक्रांतीच्या सकाळी मी एफ नाइन दाबलं. पडदा काळा झाला, पांढरी अक्षरं वर आली, आणि या वेळी ती मराठी होती. मी पहिल्या पेशंटचं नाव, गाव, वय खुर्चीत ताठ बसून लिहिलं. हॉलमध्ये टीव्हीवर मोठा पांढरा आकडा लागला आणि एक म्हातारा कुणी न सांगता उठून आत गेला. त्या दिवशी खिडकीशी येऊन नंबर विचारणारे इतके कमी झाले की सिस्टरला वाटलं आज पेशंटच कमी आहेत. मी दुपारी डबा खाताना मनापासून खुश होते आणि त्याच वेळी मला धास्ती वाटत होती, कारण रथसप्तमी काही फार लांब नसते.

त्या काळात मी आईला आर्वीहून बोलावून घेतलं. तिलाही मोतीबिंदू झाला होता. इतकी वर्षं ती दवाखान्यात कधी आली नव्हती; मुलीला लोक काय कामं सांगतात ते पाहायची तिची तयारी नव्हती, असं मला वाटतं. तिची तपासणी नेमकी रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी ठरली. सकाळी मी तिला सोबत नेलं, केसपेपर काढला, थेंब टाकल्यावर मागच्या बाकावर बसवलं, हातात नंबराची चिठ्ठी दिली. "तू बसून राह. नंबर आला की मी हाक मारतो," असं सांगून मी कामाला लागले.

आणि शेठजी आले. माझ्या खिडकीशी नाही, थेट आत, खुर्चीजवळ.

"झाली रथसप्तमी. काढ थे काळं. ट्रस्टचे लोक म्हणते, हॉलमध्ये सुतक असल्यावानी दिसते."

मी उठून उभी राहिले.

"शेठजी, काळं काढलं तं मले दिसत नाई. दिसत नाई तं मी इथं बसू शकत नाई. अन् वर बोळे वळाले मी जात नाई. मंग मले घरीच पाठवा. पण माह्या नजरेमुळं नोका म्हणू. रंगामुळं म्हणा."

असं कुणी त्यांच्याशी बोलत नसे. शेठजींचा चेहरा मला दिसत नव्हता, इतक्या जवळूनही चेहरे मला दिसत नाहीत. फक्त काठी फरशीवर एकदा आपटलेली ऐकू आली. ते हॉलकडे वळले.

"तुमीच सांगा रे. हे काळं बरं का पिवळं बरं?"

ज्यांच्यासाठी मी भांडत होते त्यांच्यापैकी कुणी बोलेना. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "शेठजी म्हणतीन थे बरं." मला त्याच्या पागोट्यासकट त्याला उचलून बाहेर ठेवावंसं वाटलं.

तेवढ्यात आतल्या डॉक्टरांनी बटण दाबलं आणि टीव्हीवर नंबर बदलला. तो कुणाचा हे माझ्या ध्यानातही नव्हतं. मागच्या बाकावरून एक बाई उठली, बाकांच्या मधून नीट वाट काढत पुढे आली, आणि हातातली चिठ्ठी माझ्यापुढे धरली. जवळ आल्यावर पातळाच्या रंगावरून मी ओळखलं. मी हाक मारली नव्हती.

"बाई," शेठजींनी तिला विचारलं, "तुमच्या डोळ्यात थेंब हायेत नं? तुमाले दिसलं?"

आईला हे शेठजी आहेत हे माहीत नव्हतं. तिने डोळे पदराने पुसले.

"दिसलं नं. पानावर भात दिसते, तसं दिसलं."

शेठजींना काही कळलं नाही. ते माझ्याकडे वळले, मी काही सांगेन म्हणून. ती माझी आई आहे एवढं कसंबसं सांगितलं. मग ते टीव्हीच्या दिशेने फिरले.

"लक्ष्मीपूजनाले पिवळं पायजे," ते म्हणाले.

"करतो."

"दसऱ्याले बी."

"दसऱ्याले बी करतो, शेठजी. आरती होईपर्यंत."

ते गेले. काठीचा आवाज पायऱ्या उतरून गेला आणि मग मला जाणवलं की आई अजून तिथेच उभी आहे. तिची वेळ झाली होती, डॉक्टर थांबले होते, पण ती खिडकीतून आत वाकून बघत होती.

"हे तुही खुर्ची?"

"हो. ये आत."

ती आली आणि माझ्या खुर्चीत बसली. थेंब घातलेल्या डोळ्यांनी तिने पडदा पाहिला. तिचाच केसपेपर उघडा होता. मी मागून वाकून वाचून दाखवलं: तिचं पूर्ण नाव, माझ्या वडिलांनी लग्नात ठेवलेलं, जे घरात कुणी कधी घेतलं नव्हतं. मग गाव. मग वय. तिने बोट काचेवर ठेवलं आणि माझ्या मागोमाग ती अक्षरं एकेक लावत गेली.

"हे तू लिवलं?"

"मीच."

"मले वाटे," ती म्हणाली, "तुले इथं पाणीगिणी द्याले ठेवलं असन. तू उगीच मोठं करून सांगतं, मले बरं वाटावं म्हणून."

इतकी वर्षं ती हेच धरून बसली होती. मला रागही आला आणि रडूही आलं. मी काही म्हणायच्या आत सिस्टर दारात आली आणि म्हणाली, आजी, चला, डॉक्टर वाट पाहून राह्यले. आई हलली नाही. दोन्ही हात तिने खुर्चीच्या हातांवर घट्ट ठेवले होते.

"जाऊ," ती म्हणाली. "पण मले एवढ्यात उठवू नोको."

खिडकीबाहेर रांग वाढत होती. मी तिच्या खांद्यावरून हात पुढे नेला आणि पुढच्या माणसाला उभ्यानेच त्याचं नाव विचारलं.